पुतळ्याचा डावा पाय

तिनं माझ्या पायांवर हळद-कुंकू वाहिलं, वाकून नमस्कार केला, आणि सरळ होता होता मला विचारलं, "कुणाची गं तू?"

पाय माझेच होते. सिमेंटचे, पण माझे. लढाईत पडलेल्या जवानांचं स्मारक नगरच्या एका चौकात झालं. त्यात हातात तबक घेऊन एक बाई उभी आहे. ती बाई घडवताना मूर्तिकारापुढे मी उभी राहिले होते, अख्खा उन्हाळा. त्या दिवशी पंधरा ऑगस्ट होता. पडदा ओढून झाला होता आणि बायका ओळीनं पायऱ्या चढून पुतळ्याची पूजा करत होत्या. मीही चढले. पूजेला नाही. आपण सिमेंटात कशा दिसतो, तेवढं जवळून बघायला.

कुणाची गं तू. हा प्रश्न मला लहानपणापासून पाठ आहे. यात कुणी नाव विचारत नाही. मी गावाचं नाव सांगितलं. तेवढ्यानं भागणार नाही, हेही मला माहीत होतं.

"गावात कुठं?"

"बौद्धवाड्यात."

मागच्या बायका अर्धं पाऊल मागे सरकल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. सवयीनं सरकल्या. विचारणारी बाई स्मारक समितीच्या अध्यक्षांची बायको. सगळे तिला वहिनीसाहेब म्हणत. तिच्या बोटांना कुंकू लागलेलं होतं. त्याच बोटांनी तिनं मला पायऱ्या दाखवल्या.

"मग खाली उतर आधी. आत्ताच पूजा झालीय. सगळं विटाळशील."

मी उतरले का, ते पुढं सांगते. आधी मी तिथं पोचले कशी ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई भांडायलाच आली होती. आई म्हणते, लिहिताना तरी त्यांना मान देऊन लिही. मी देणार नाही. तिनं मला 'गं तू' म्हटलं, मी तिला 'ती' म्हणते. फिटंफाट.

बहात्तरचा दुष्काळ. आमचं गाव केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याला. सरकारनं सुप्याच्या बाजूला रस्त्याचं काम काढलं आणि सगळं गाव खडी फोडायला बसलं. सगळं म्हणजे सगळं. ज्यांच्या बांधावर आम्हाला उभं राहू देत नव्हते, त्यांच्या सुनाही तोंडावर पदर ओढून आमच्यासारखीच हातोडी चालवत होत्या. मला वाटलं, चला, दुष्काळानं एक काम तरी बरं केलं. दुपारी टँकर आला आणि पाण्याची दोन पिंपं भरली गेली. एक त्यांचं, एक आमचं. पाणी एकाच टँकरचं. तेव्हाच मी समजले की यांच्या घशाला कोरड पडली तरी यांचं डोकं ठिकाणावर असतं.

मी तेव्हा विशीतली. चौथी शिकलेली. नवऱ्यानं टाकलेली, म्हणून आईकडे. आई आणि मी एकाच ढिगावर बसायचो. एकदा वरून धोंडा घरंगळला तो माझ्या डाव्या पायावर. अंगठ्याशेजारचं बोट चेचलं. आईनं हळद भरली, चिंधी बांधली. बोट बरं झालं, पण वाकडं. अंगठ्यावर चढून बसलं ते कायमचं.

कामावर शहरातल्या बायका जीपमधून सुकडी वाटायला यायच्या. सुकडी म्हणजे दुष्काळात सरकारनं दिलेलं भाजक्या धान्याचं गोडसर पीठ. तिथं मी वहिनीसाहेबांना पहिल्यांदा पाहिलं. आमच्या ओळीशी आली की ती भांडं उंच धरायची आणि वरून ओंजळीत सोडायची. बरोबर फोटोवाला असायचा. हात माझ्या ओंजळीवर, नजर फोटोवाल्याकडे. निम्मी सुकडी मातीत. असं तिनं मला कितीदा तरी वाढलं. माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावरच झालं.

त्याच कामावर एक दिवस मास्तर आले. ते नगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे आणि मूर्ती करायचे. झब्बा, खांद्याला पिशवी. ढिगाढिगानं फिरत होते आणि बायकांकडे बघत होते. पुरुष असा बघत फिरायला लागला की आम्ही हातोडी जरा घट्ट धरतो. ते माझ्यापुढे येऊन थांबले. मी भरली पाटी डोक्यावर घेऊन मुकादमाची वाट बघत उभी होते.

"बाई, अशा किती वेळ उभ्या राहू शकता?"

"का?"

मग त्यांनी सांगितलं. जवानांचं स्मारक, त्यात बाईचा पुतळा, त्यासाठी समोर कुणीतरी उभं राहायला हवं. रोज इथलाच मिळेल, काम सावलीत.

आई बसल्या जागेवरून म्हणाली, "सावलीत हुबं करायला आमचीच बाई कशापायी? तुमच्यात बाया न्हाईत व्हय?"

मास्तर गोरेमोरे झाले. म्हणाले, "मावशी, तुम्हीही बरोबर या. दार उघडं असेल."

खरं कारण मला नंतर कळलं. समितीतल्या एकाही घरची बाई परक्या पुरुषापुढे तासन्‌तास उभी राहायला तयार नव्हती. अब्रूचा प्रश्न होता. मग ज्या बाईला अब्रू असते हे यांच्या गावीही नाही, अशी बाई शोधायची. म्हणून मास्तर खडीच्या ढिगावर आले होते.

मी गेले. ऊन होतं, म्हणून गेले. आई रोज बरोबर यायची आणि मास्तरांच्या पत्र्याच्या शेडच्या दारात बसून राहायची. तिचा रोज बुडायचा, तरी यायची. हातोडी मांडीवर.

"मावशी, हातोडी कशाला आणता?" मास्तरांनी विचारलं.

"सवय हाय," आई म्हणाली.

वाड्यातही लोक बोलायला लागले होते. टाकलेली बाई मूर्तिवाल्याकडे जाते म्हणून. आमच्यातलेही काही कमी नाहीत.

मास्तर शाडूची माती मळता मळता बोलायचे. या स्मारकाची गोष्ट मला त्यांच्याकडूनच कळली. आधी नुसता खांब ठरला होता. दगडी खांब, त्यावर उलटी बंदूक आणि वर लढाईतली टोपी. तो अध्यक्षांना उघडाबोडका वाटला. चौकातून जाणाऱ्यानं थांबून बघावं असं काहीतरी हवं होतं. मग जवानाचा पुतळा ठरला आणि तिथं भांडण लागलं. पडलेले जवान गावोगावचे, जातीजातीचे. चेहरा कुणाचा घ्यायचा? एकाचा घेतला की बाकीचे रुसणार. पडलेल्यांत आमच्यातलेही होते. ते मास्तर बोलले नाहीत, मी ओळखलं. भांडण खरं कुठं अडलं असेल तेही ओळखलं.

शेवटी मास्तरांनी तोड काढली. जवान दाखवायचाच नाही. तो गेला. त्याला ओवाळून उंबऱ्यात उभी राहिलेली बाई तेवढी दाखवायची, तो गेला त्या रस्त्याकडे बघणारी. चौथरा उंच नको. दोन-तीन पायऱ्या आणि वर दगडी उंबरा. कुणालाही तिच्या शेजारी उभं राहून रस्त्याकडे बघता आलं पाहिजे.

मला हे आवडलं. आवडलं म्हणूनच संशय आला. इतकी चांगली गोष्ट या लोकांनी कबूल कशी केली?

"मास्तर, तोंड कुनाचं असनार बाईला?" मी विचारलं.

त्यांनी मातीचा एक गोळा थापला. मग म्हणाले, "वहिनीसाहेबांचं. त्यांच्या लग्नातल्या फोटोवरून. समितीनं तसं ठरवलंय. तू अंगलटीपुरती."

अंग माझं आणि तोंड तिचं. मी हातातलं तबक आईकडे दिलं आणि घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. खडीच्या ढिगावर उन्हानं भोवळ येत होती. मान ताठ ठेवायची तर ती सावलीत ठेवावी, असा मी हिशेब केला.

चहाही मिळायचा तिथं. मास्तरांचा कपबशीतला. आमचे दोन कानतुटके कप पत्र्यामागे खिळ्यांना टांगलेले असायचे. मास्तर म्हणायचे, "मला काही नाही हो, शेजारी बघतात." शेजारी कधीच दिसले नाहीत. कप मात्र खिळ्यांनाच राहिले.

पण हातात त्यांच्या कसब मोठं होतं, हे मी खोटं सांगणार नाही. पाय करायची वेळ आली तेव्हा मी माझं बोट पदराखाली लपवायला लागले. म्हटलं, "तेवढं बोट सरळ करा."

"नाही," ते म्हणाले. "बोट आहे तसंच राहील. मला खोटा पुतळा करायचा नाही."

मला वाटलं चेष्टा करतात. पण त्यांनी ओल्या मातीत ते बोट इतकं हळू वळवलं, अंगठ्यावर इतकं नीट टेकवलं, की मी पदर बाजूला केला. माझ्या पायाकडे तोवर कुणी एवढं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही. त्या दिवशी मला रडू आलं आणि मी ते आईला दिसू दिलं नाही.

चेहरा मात्र जमेना. फोटोतली बाई मान खाली घालून लाजत होती. लग्नात लाजतातच. पण माणूस लढाईवर गेल्यावर उंबऱ्यातली बाई अशी लाजत उभी राहत नाही. मास्तर चेहरा करायचे, तारेनं कापून काढायचे, पुन्हा करायचे. मग एक दिवस त्यांनी फोटो उलटा करून ठेवला आणि माझ्याकडे बघून काम सुरू केलं. मी त्यांच्याकडे रोखून बघत राहिले, हा माणूस आता काय करतोय म्हणून. तेच त्यांनी उचललं. आता लोक म्हणतात, पुतळ्याच्या डोळ्यांत काय वाट बघणं आहे! वाट कुठली. संशय आहे तो. मी मास्तरांकडे बघत होते.

पुतळा मातीत पुरा झाला आणि समिती बघायला यायची म्हणून निरोप आला. मास्तरांनी मला आणि आईला शेडच्या मागे जायला सांगितलं. "थोडा वेळ. मोठी माणसं येतायत." आम्ही पत्र्यामागे उभ्या राहिलो, आमच्या कपांशेजारी.

पत्र्यातून सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. बौद्धवाड्यातल्या बाईचं तोंड केलंत म्हणून मास्तरांना फाडून खातील. मी आईचा हात धरून वाट बघत होते. मग वहिनीसाहेबांचा आवाज आला.

"अगंबाई! हुबेहूब हो मास्तर! लग्नातल्या फोटोवरूनच केलीत ना? नाक बघा, अगदी माझं."

अध्यक्ष म्हणाले, "वा! चेहऱ्यावर खानदान दिसतंय."

मी तिथं, दोन हातांवर. तिनं मला ओंजळीत इतक्यांदा सुकडी घातली होती. माझं नाक, माझे डोळे, माझी हनुवटी तिच्यासमोर मातीत उभी होती आणि तिला त्यात ती स्वतः दिसत होती. आम्हाला शिव्या घालणारे मी पाहिले होते, अंगावर धावून येणारे पाहिले होते. पण आपल्याला कुणी इतकं न पाहिलेलं असू शकतं, हे मला तिथं, त्या पत्र्यामागे, पहिल्यांदा कळलं. मला हसू आलं.

मी कान मास्तरांच्या आवाजाला लावला. आता ते बोलतील. खोटा पुतळा न करणारे मास्तर.

मास्तर खोकले. म्हणाले, "हो... म्हणजे, फोटोच होता डोळ्यांपुढं."

ते लोक गेल्यावर मी समोर जाऊन उभी राहिले. "मास्तर, तोंड कुनाचं हाय ह्ये?"

"बाई, पुतळा उभा तर राहू दे. चेहरा कुणाचा ते पुढं काळ ठरवील."

"काळ कशाला ठरवील? तुमाला ठावं हाय की."

ते कापड ओलं करून पुतळ्यावर टाकायला लागले. माती सुकू नये म्हणून. माझ्या तोंडावर ओलं फडकं टाकताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आई वाटेत एवढंच म्हणाली, "मी पयल्या दिशीच इच्यारलं हुतं."

तर अशी मी त्या पंधरा ऑगस्टला चौकात पोचले. आई नको म्हणत होती. मी म्हटलं, निदान बघून येऊ. चौथरा मास्तरांनी सांगितला तसाच होता, बुटका, काळ्या दगडाचा. पोटात भरलेली खडी आमच्या कामावरून गेली होती, ट्रकमध्ये आम्हीच भरली होती. मातीवरून साचा घेऊन ओतलेल्या सिमेंटच्या पुतळ्याला तांब्यासारखा रंग दिला होता. भाषणं झाली. अध्यक्षांनी वीरमाता, वीरपत्नी असं पुष्कळ सांगितलं. मग सुवासिनींनी पूजा करायची होती. वहिनीसाहेब सगळ्यांत पुढं. आपलाच पुतळा समजून ती स्वतःच्याच पाया पडत होती, आणि तिला जरासुद्धा अवघडल्यासारखं झालं नाही. कुंकू तिनं नेमकं डाव्या पायावर वाहिलं. त्या वाकड्या बोटावर. तिच्या बोटांना ते वाकडं लागलं असणार. ती थांबली नाही.

मग कुणाची गं तू. मग बौद्धवाडा. मग खाली उतर.

मी पायरी उतरायला वळले होते. हे खरं आहे. पाय आपोआप वळतात. वीस वर्षांची सवय असते पायांना. खाली आई उभी होती, हातानं मला बोलावत होती, ये म्हणून. आणि आईचं ते खाली वाकलेलं डोकं बघून माझं काहीतरी फिरलं. मला वाटलं, मी आत्ता उतरले तर इथून पुढं माझं तोंड कायम या चौकात उभं राहणार आणि मी कायम त्याच्या पायरीखालून जाणार. तिचं नाव लावून. माझ्या तोंडाला.

मी परत वळले. उंबऱ्यावर चढले आणि माझा डावा पाय पुतळ्याच्या डाव्या पायाशेजारी ठेवला. अनवाणी. पायरीशी चपला काढल्या होत्या.

"बगा," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "ह्यो पाय बगा. ह्ये बोट बगा. कुंकू कुनाच्या पायाला लावलं त्ये बगा."

दोन पाय. दोन वाकडी बोटं. एकावर कुंकू, एकावर रस्त्याची धूळ.

गर्दीतून कुठल्याशा खेड्यातली म्हातारी ओरडली, "अगं बया! हीच की गं ती!" मग लोक पुतळ्याच्या तोंडाकडे बघायला लागले आणि माझ्या तोंडाकडे. पुतळ्याकडे आणि माझ्याकडे. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. मास्तर मंडपाच्या खांबाशी उभे होते. मी त्यांना शोधलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

वहिनीसाहेबांनी तेव्हा माझ्या तोंडाकडे पाहिलं. पहिल्यांदा. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. मी अगदी वाट बघत होते. शिवी दिली असती तरी चाललं असतं, शिवी निदान माझ्याशी बोलणं झालं असतं.

तिनं रुमाल काढला. कुंकवाची बोटं पुसली. एकेक बोट, नखापर्यंत. रुमाल खाली टाकला.

मग हवालदारानं माझ्या दंडाला धरून मला पायऱ्यांवरून ओढलं. कुणीतरी खूण केली आणि बँड वाजायला लागला. मी गुडघ्यावर पडले. आईनं उठवलं. मी उतरले नव्हते, मला उतरवलं होतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

काही दिवसांनी मास्तर आमच्या वाड्यात आले. पहिल्यांदाच. आईनं त्यांना घोंगडी टाकली, तांब्याभर पाणी दिलं, आमच्याच तांब्यातून. ते प्याले. घटाघटा प्याले. मी बघत होते, इथं शेजारी बघत नाहीत वाटतं.

म्हणाले, "पुतळा पाडायलाच निघाले होते. वहिनीसाहेब हट्टाला पेटल्या होत्या. मी मधला मार्ग काढला. ते बोट सिमेंट भरून सरळ करून दिलं. आता पाय कुणाचाही म्हणता येतो. चेहरा सारखाच दिसतो असं लोक म्हणतील, म्हणू देत, चेहरे सारखे असतात. बोटाचा पुरावा गेला. पण तुझा चेहरा राहिला, बाई. बोट देऊन चेहरा वाचवला मी."

आणि ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी आता आभार मानायचे.

वाईट माणूस नव्हते ते. भित्रे होते. ज्या हातानं माझं बोट वाकडं ठेवायचा हट्ट धरला, त्याच हातानं ते सरळ करून आले होते.

"मास्तर," मी म्हटलं, "बोट माझं हुतं. तुमचं न्हवतं द्यायला."

ते उठले. जाताना आईला म्हणाले, "मावशी, पोरीला समजवा."

आई म्हणाली, "मी काय समजावू? तिला समाजलंय."

मी चौकात जाऊन बघून आले. खरंच सरळ केलं होतं. अंगठ्याशेजारी एक गुळगुळीत, नीटनेटकं बोट. चालणाऱ्या बाईचं वाटतच नव्हतं. वरचा रंग जरा वेगळा, ओला असल्यासारखा. बाकी सगळी मी होते. माझे डोळे तिथून माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटलं ते आता मलाच विचारतायत. तू काय करणार?

बाजाराच्या दिवशी गेले. भरदुपारी, चौक भरलेला असताना. चोरून करायचं नव्हतं. चोरून केलं की चोरी होते. आईची हातोडी घेतली, तीच, मांडीवरची. पायऱ्या चढले, उंबऱ्यावर बसले आणि खडीला घालतात तसा बेताचा घाव घातला. खाली काय आहे ते मला माहीत होतं, म्हणून जोर लावला नाही. वरचं सिमेंट तडकलं. आणखी एक घाव, आणि ते टवका उडावा तसं निघून आलं. आत माझं बोट तसंच होतं. वाकडं. अंगठ्यावर चढलेलं. मी पदरानं त्यावरची भुकटी पुसली.

तोच हवालदार धावत आला. "काय करतीस गं?"

"माजं बोट मोकळं करती."

त्याला कळेना हसावं का मारावं. चौकीवर नेलं, सार्वजनिक वस्तूची नासधूस म्हणून. साहेबांनी विचारलं, कुणी सांगितलं तुला हे करायला? कोणत्या पक्षाची तू? पुन्हा तेच. कुणाची गं तू. मी टेबलासमोर पाय उचलून दाखवला. म्हटलं, ह्येच्याकडनं आले. संध्याकाळपर्यंत भिंतीशी बसवून ठेवलं आणि पुन्हा त्या चौकात दिसलीस तर आत टाकीन म्हणून सोडून दिलं. आई बाहेर उन्हात बसली होती. तिनं आधी हातोडी मागितली. ती त्यांनी ठेवून घेतली होती. आई परत आत गेली आणि साहेबांपुढे उभी राहून म्हणाली, "माजी रोजीरोटी हाय ती. द्या." माझी आई. जी मला खाली ये म्हणून हात करत होती. हातोडी घेऊनच बाहेर आली.

त्या दिवसापासून मी त्या चौकाला वळसा घालून गेलेले नाही. मधूनच जाते. सावकाश.

यंदाही पंधरा ऑगस्ट आला. पुतळ्याला नवा रंग दिला. वाड्यातली एक बाई बाजारातून येताना बघून आली. सांगत होती, बोट परत सरळ केलंय, या खेपेला आत सळई घातलीय म्हणतात. मास्तरांनी नाही, दुसऱ्या कुणी. पुतळ्याभोवती साखळी लावलीय आणि हवालदार खुर्ची टाकून बसतो.

घालू देत सळई. ते बुजवतील तितक्यांदा मी फोडणार आहे. माझ्यानं उठवेल तोवर मी, नंतर माझ्या वाड्यातली कुणीतरी. वाड्यातल्या पोरींना मी पाय दाखवून ठेवलाय. कुणी विचारलं तर मी कुणाची, हे सांगणार नाही. चौकातली ती बाई कुणाची, ते सांगणार. ती माझी आहे.

उद्या बाजार आहे. हातोडीला नवा दांडा बसवलाय.